चौदा महिन्यांचं लोह

सतरा हा आकडा शनिवारी दुपारी घरात आला आणि रविवारपर्यंत न बोलावलेल्या पाहुण्यासारखा ठाण मांडून बसला. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं आणि तो उठायचं नावही घेत नव्हता.

एमआरआयच्या अहवालातला तो भिंगरीच्या हृदयाचा आकडा होता. रक्तविभागाच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेनाने रेघ ओढून दाखवलं होतं. वीसच्या वर असला तर हृदय निर्धास्त, वीसच्या खाली उतरला तर हृदयात लोह साठायला लागलं. आकडा उतरला की लोह चढतं हा उफराटा न्याय आत्याला मुळीच पटला नव्हता, पण कळला मात्र सगळ्यांच्या आधी होता. गेल्या खेपेला चोवीस होता. साठलेलं लोह दाखवणारं रक्तातलं फेरिटिनही चौदा महिन्यांत बाराशेवरून साडेतीन हजारांवर गेलं होतं, आणि ते तर वाढलं म्हणजे सरळ सरळ वाईटच.

"अजून काही हाताबाहेर गेलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "हृदयाचं काम चांगलं चाललंय. पण रोज गोळी घेऊनही लोह वाढत असेल तर त्याचे दोनच अर्थ होतात. एक तर गोळी हिला लागू पडत नाही, नाही तर गोळी हिच्या पोटात जात नाही."

आणि त्यांनी भिंगरीकडे पाहिलं होतं. घरी आल्यावर मग सगळ्यांनीच भिंगरीकडे पाहिलं.

तेवीस वर्षांच्या मुलीला भिंगरी म्हणणं खरं तर शोभत नाही, पण लहानपणी रक्त चढवून आली की दुसऱ्या दिवशी ती घरभर अशी गरगर फिरायची की नाव चिकटलं ते चिकटलंच. जन्मापासून थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या रक्त, आणि प्रत्येक पिशवीबरोबर अंगात येणारं लोह, जे बाहेर टाकायची सोय देवाने माणसाच्या शरीरात केलेलीच नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत. आत्याची पाठची बहीण, मधली, याच दुखण्याने सोळाव्या वर्षी गेली होती. त्या काळी रक्त मिळायचं, पण लोह काढायचं औषध मिळायचं नाही. रक्ताने तिला जगवलं आणि त्या रक्तातल्या लोहाने तिचं हृदय बंद पाडलं. म्हणून भावाच्या मुलीच्या कागदावर तेच नाव लिहून आलं तेव्हा आत्याने पदर खोचला आणि औषधाचं खातं आपल्याकडे घेतलं, ते आजतागायत सोडलं नव्हतं. लोह काढायला आधी पंप होता. आठवड्यातून पाच-सहा रात्री पोटाच्या कातडीखाली सुई टोचायची आणि दहा दहा तास तो खेळण्याएवढा पंप उशाशी घेऊन पोरीने झोपायचं. दोन वर्षांपूर्वी पंप गेला, पाण्यात कालवायच्या गोळ्या आल्या आणि सगळ्या घराने सुटकेचा श्वास टाकला.

आता तो श्वास परत आत ओढायची पाळी आली होती.

कापड रंगवायच्या घरच्या कारखान्यावरच्या मोठ्या खोलीत पाचही जण लांब टेबलाभोवती बसले होते. खाली रविवारची सुट्टी, हंडे पालथे घातलेले, पण उकळलेल्या सालींचा वास काही सुट्टी घेत नाही. टेबलावर अहवाल होता, त्याच्या शेजारी भिंगरीला आलेलं एक पत्र. दूरच्या शहरातल्या वस्तुसंग्रहालयाने तिला जुनी वस्त्रं दुरुस्त करायच्या कामावर दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. तिथलं रुग्णालय तिला रक्त द्यायला तयार होतं, अट एकच होती. रोगी औषध नियमित घेते, असं इथल्या डॉक्टरांनी लिहून द्यायचं, आणि ते सोमवारपर्यंत. साडेतीन हजार फेरिटिनवर असं लिहायला डॉक्टरीणबाई तयार नव्हत्या.

"प्रश्नच मिटला," दादा म्हणाला. दादा म्हणजे भिंगरीचा बाप. धाकट्या भावामुळे थोरली बहीणसुद्धा त्याला दादाच म्हणायची. "इथे चार माणसांच्या पहाऱ्यात औषध घेत नाही ती तिथे एकटी काय घेणार?"

"दादा, तू तर निकालच देऊन मोकळा झालास," मास्तर म्हणाला. हा सगळ्यात धाकटा, शाळेत विज्ञान शिकवणारा, आणि घरातही शिकवायचं काही थांबवत नसे. "आधी तपास, मग निकाल. चोर सोडून संन्याशाला सुळी नको."

"मग चोर कोण, तू सांग."

"पट्ट्या मोजल्यास?"

पट्ट्या आत्याने मोजल्या होत्या. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या ती बुटाच्या खोक्यात ठेवायची, महिन्याच्या महिन्याला दोरा बांधून. चौदा महिन्यांचे चौदा जुडगे तिने टेबलावर मांडले. "एकही गोळी कमी नाही की जास्त नाही. आधी तीन होत्या, सहा महिन्यांपूर्वी बाईंनी चार केल्या, त्याही बरोबर आहेत. गोळी ग्लासात पडते, त्यात खोट नाही. ग्लासातून पुढे कुठे जाते ते हिने सांगावं."

ती हे बोलली आणि भिंगरीने तिच्याकडे असं पाहिलं की आत्याला जरा लागलं. पण तिने ते दाखवलं नाही. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं, असं मनात म्हणून तिने जुडगे सारखे केले.

वहिनीने, भिंगरीच्या आईने, खुर्ची लेकीजवळ ओढली. ती हळूच म्हणाली, "सोने, रागावणार नाही कुणी. टाकतेस का?"

"आई, तूसुद्धा?"

"मी फक्त विचारतेय."

"हो!" भिंगरी एकदम म्हणाली. "टाकते. ओतून टाकते. झालं समाधान?"

दादाने टेबलावर हात आपटला. मास्तरने चष्मा काढून पुसायला घेतला. वहिनीने डोळ्याला पदर लावला. आत्या मात्र नुसती बघत राहिली. तिचा जिंकायचा क्षण होता हा, आणि तिला जिंकल्यासारखं काही वाटेना. कापड रंगात बुडवून बाहेर काढावं आणि भलताच रंग यावा, तसं काहीतरी तिला खटकलं.

"कुठे ओततेस?" तिने विचारलं.

"मोरीत."

"कधी?"

"तू पाठ फिरवलीस की."

"मी पाठ फिरवतच नाही," आत्या म्हणाली. "ग्लास रिकामा होईपर्यंत मी तुझ्या उशाशी उभी असते. वर तुला तोंड उघडायला लावते, आणि त्यावरून तू रोज माझ्यावर खेकसतेस. भिंगरे, खोटं का बोलतेयस?"

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. फिर्यादीच आरोपीची बाजू घेऊन उभा राहिला म्हटल्यावर दुसरं काय होणार? भिंगरीचा चेहरा पडला.

"गोळी लागू पडत नाही म्हटलं तर पुन्हा पंप," शेवटी ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "पुन्हा सुया, आणि जायचं तर विसरायचंच. मी टाकते म्हटलं तर निदान चूक माझी ठरते. चूक सुधारता येते ना? पंपाच्या आधी सहा महिने मागितले असते मी बाईंकडे."

पोरगी न केलेला गुन्हा कबूल करत होती, का तर गुन्ह्याला निदान उपाय असतो. आणि आपण खोकं उघडून पुरावे मांडत बसलो होतो. आत्याला स्वतःची लाज वाटली. पण लाजेच्याही वर एक प्रश्न डोकं काढून उभा होता आणि तो तिला स्वस्थ बसू देईना. पट्टीतली गोळी संपते. ग्लासातलं औषध पोटात जातं. मग लोह कुठून वाढतं?

"मास्तर," ती म्हणाली, "तू शिकलेला आहेस. सांग."

मास्तर हेच ऐकायला बसला होता. "बाईंनी दोन अर्थ सांगितले. लागू पडत नाही, किंवा पोटात जात नाही. पण ताई, पहिले दहा महिने ह्याच गोळीने फेरिटिन खाली आलं होतं, बावीसशेवरून बाराशे. तेव्हा लागू पडत होती. मग बदललं काय?"

"काही नाही बदललं."

"भिंगरे, तुझं काही बदललं?"

भिंगरीने आठवून पाहिलं. "उलट बरं झालं. आधी पोटात कळा यायच्या, दिवसातून चारदा पळावं लागायचं. ते थांबलं. आणि चवही सुधारली. आधी खडू चावल्यासारखं लागायचं, दातांत कचकच यायची. नंतर पाकीट बदललं ना, निळ्याचं हिरवं झालं? तेव्हापासून छान विरघळते. मला वाटलं, कंपनीने सुधारली असेल."

"त्रासच थांबला?" मास्तर पुढे झुकला. "एकदम?"

"एकदम. गेल्या वर्षी परीक्षेच्या सुमारास. तेव्हा माझं पोट फार बिघडलं होतं म्हणून कालवायचं कामही आत्याने घेतलं. आधी मीच कालवायचे."

मास्तर आत्याकडे वळला. "ताई, रागावू नकोस. पण पट्टीतून पोटापर्यंतचा सगळा रस्ता मला एकदा बघू दे."

"म्हणजे आता संशय माझ्यावर?"

"संशय नाही गं, कुतूहल. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं नको व्हायला."

"बघ की! खुशाल बघ," आत्या उठलीच. तिला उलट आनंदच झाला. वीस वर्षांत तिचं काम बघायला कुणी आलं नव्हतं. स्टीलचं भांडं चालत नाही, काचेचाच ग्लास लागतो, चमचा प्लास्टिकचा, पाणी ना गार ना गरम, हे सगळं ती रोज पहाटे पाचला, घर झोपलेलं असताना, जपमाळ ओढावी इतक्या निष्ठेने करायची. तिने ट्रे आणला, दोन ग्लास मांडले, पट्टीतून एक गोळी फोडून पहिल्या ग्लासात टाकली. गोळी फसफसत फुटली. तिने ढवळलं, तीन मिनिटं, घड्याळाकडे बघत. पाणी ताकासारखं पांढरं झालं. मग तिने चमचा ग्लासावर आडवा ठेवला आणि ग्लास खिडकीत नेऊन ठेवला.

"आता?" मास्तरने विचारलं.

"आता थांबायचं."

"कशासाठी?"

"बसू दे की जरा. अर्धा तास."

वहिनीने तोवर चहा ओतला. दादा पत्र उलटंसुलटं करत बसला. आत्या आपल्या जागेवर येऊन बसली आणि तिने सहज मास्तरकडे पाहिलं. मास्तरचा चेहरा उतरला होता. तो खिडकीतल्या ग्लासाकडे बघत होता, आणि आत्यानेही मग ग्लासाकडे पाहिलं.

वरून पाणी नितळत चाललं होतं.

ह्या घरात चार पिढ्या एकच नियम होता. काढा उकळला की थांबायचं, वरचं नितळ घ्यायचं आणि गाळ टाकून द्यायचा. गाळ कापडाला लागला की डाग पडतात. आत्या सात वर्षांची असताना आजोबांनी तिला हे शिकवलं होतं आणि हात आपोआप ते करायचे, दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवावं तसे. पोरीला कचकच लागते, पोटात कळा येतात, म्हणजे गोळीत खडूची भर घातलेली असणार, असं तिने धरलं होतं. औषध पाण्यात उतरलं, खडू तळाशी बसला. खडू टाकायचा. कुणाला सांगितलं नाही, कारण रंगारी आपली युक्ती सांगत नाही, आणि पोरगी "आत्या, हल्ली छान लागतं हं" म्हणाली की तिला आतून गुदगुल्या व्हायच्या.

पण आजोबांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. मातीचे रंग वेगळे. गेरू, काव हे पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात. ढवळणं थांबलं की तळाला जातात, आणि वर राहतं ते निव्वळ पाणी. तिथे गाळ टाकला तर रंगच टाकला.

ग्लासाच्या तळाशी पांढरा थर बसला होता.

आधी तीन, मग चार गोळ्या रोज. चौदा महिने.

अजून कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं, मास्तर सोडून. आणि मास्तरने नजर चहाच्या कपात घातली होती. तो मुद्दाम बघत नव्हता. तो तिला वाट देत होता, हे तिला कळलं. उठायचं, चमचा फिरवायचा, सगळं पांढरं पाणी दुसऱ्या ग्लासात ओतायचं आणि म्हणायचं, हे घे, असं देते. उद्यापासून तसंच द्यायचं. चार महिन्यांत फेरिटिन उतरलं असतं आणि घरात कुणाला कधी कळलं नसतं. पण डॉक्टरीणबाईंचं पत्र उद्या हवं होतं. पत्र न मिळालं तर पोरगी राहिली असती, आणि राहिली असती ती न केलेल्या चुकीपायी.

आत्या उठली. खिडकीपाशी गेली. ग्लास न हलवता तिने तो सावकाश कलता केला आणि वरचं नितळ पाणी दुसऱ्या ग्लासात ओतलं, शेवटचा थेंब गाळाला टेकायच्या आत थांबून, वीस जणांत उठून दिसेल अशा सफाईने. मग तिने दोन्ही ग्लास टेबलावर आणून ठेवले.

"हा मी हिला देते," ती म्हणाली. मग पहिला ग्लास पुढे सरकवला. "आणि हा रोज मोरीत टाकते. औषध ह्यात आहे."

काही क्षण कुणाला कळलंच नाही. मग दादाला कळलं. "ताई!" तो उभाच राहिला. "तू? अगं, मधलीच्या वेळी निदान औषध नव्हतं! इथे असून तू..." पुढचं त्याच्याने बोलवेना. ते बरंच झालं. आत्याने ते आधीच स्वतःला ऐकवलं होतं.

वहिनीने पदर डोळ्यांवरून काढला. वीस वर्षं तिला तिच्याच मुलीच्या औषधाला हात लावू दिला नव्हता. आज तिने काहीही म्हटलं असतं तरी खपलं असतं. ती इतकंच म्हणाली, "ताई, मला एकदा दाखवलं असतंत तर मी विचारलं असतं, हे काय टाकता म्हणून."

"हो," आत्या म्हणाली. "विचारलं असतंत. म्हणूनच येऊ दिलं नाही तुम्हाला त्या ओट्याजवळ. मला कुणी विचारलेलं चालत नाही."

भिंगरीचं मात्र कुणाकडेच लक्ष नव्हतं. तिने पहिला ग्लास उचलून उजेडात धरला, तिरका केला, गाळ घरंगळताना पाहिला. मग बोट बुडवून चाटलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"हीच! हीच ती खडूची चव!" ती ओरडली. "अरे, म्हणजे गोळी चालते! बाबा, गोळी हरलेलीच नाही. ती खेळायलाच उतरली नव्हती!"

आणि ती हसायला लागली. ते हसणं इतकं खरं होतं की मास्तरही हसला, मग वहिनी. दादा हसला नाही, पण खाली बसला. आत्याला मात्र हसताही येईना आणि रडताही येईना. पोरगी आपल्याला ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

डॉक्टरीणबाईंना फोन आत्यानेच लावला, आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलाच्या मधोमध ठेवला. काही गाळलं नाही, काही सावरलं नाही. मास्तरने वाकून फोन चालू आहे ना ते पाहिलं.

"चौदा महिने," बाई शेवटी म्हणाल्या. "आणि मी डोस वाढवत बसले. मीही विचारायला हवं होतं, पोट बिघडायचं एकदम थांबलं कसं. आता नीट ऐका. चार गोळ्या एकदम पूर्ण देऊ नका. ती सगळं औषध पितेय असं धरून मी चार केल्या होत्या. आधी तीन पूर्ण घेऊन तिला बरं होतं, तर उद्या तीनच. ढवळून लगेच प्यायच्या, तळाशी राहिलेल्यात पुन्हा घोटभर पाणी घालून तेही प्यायचं. आणि दहाला इकडे या. मूत्रपिंड, यकृत बघू, मग पुढचं. फेरिटिन दर महिन्याला. सहा महिन्यांनी हृदयाचा एमआरआय पुन्हा."

"आणि पंप?" भिंगरीने विचारलं.

"आज सांगत नाही. सतरा आकडा खरा आहे, तो कुणाच्याही चुकीने आला असला तरी. पण निदान गोळीला एक प्रामाणिक संधी देऊ."

"आणि पत्र?"

"पत्र लिहीन. खरं ते लिहीन. औषध रोज घेत होती, देण्यात चूक झाली, चूक सापडली. तिथले डॉक्टर शहाणे असतील तर त्यांना हे पुरेल. फक्त तिथल्या रुग्णालयाच्या अर्जात एक रकाना आहे, औषधाची जबाबदारी कोणाची. तिथे नेहमीसारखं आत्याच लिहू?"

"तिथे दुसऱ्या गावात आत्या कशी असेल?" दादा म्हणाला. "डॉक्टर, थांबा जरा. एवढं सगळं झाल्यावर तर मी तिला मुळीच पाठवणार नाही. घरात ती आमच्या डोळ्यांसमोर..."

"घरातच झालं हे, दादा," आत्या म्हणाली. "आपल्या डोळ्यांसमोरच. ती स्वतः कालवायची तेव्हा लोह उतरत होतं. मी हातात घेतलं तेव्हापासून चढलं." तिने दोन्ही ग्लास बाजूला सारले. "मधली गेली तेव्हा मी ठरवलं होतं, हिला हातची जाऊ द्यायची नाही. इतकी घट्ट धरली की माझा हात बघायलाच कुणी उरलं नाही. बाई, त्या रकान्यात तिचं नाव घाला. तिचं एकटीचं."

पलीकडून लिहिल्याचा आवाज आला. दादाने बायकोकडे पाहिलं. वहिनीने मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली हे त्याला पटायला थोडा वेळ लागला. मग त्याने संग्रहालयाचं पत्र घडी घालून भिंगरीपुढे सरकवलं.

फोन बंद झाला आणि आत्या रडली. मधलीच्या वेळी ती न्हाणीघरात जाऊन रडली होती. आज सगळ्यांच्या देखत, टेबलावर कोपरं टेकून.

भिंगरी तिच्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ तिने आत्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"रड," ती म्हणाली. "रड हवं तेवढं. पण उद्या पहाटे उठायचं नाही हं तू. मी गजर लावलाय."